पीस

आमच्याकडे, कार्नियाच्या डोंगरात,
मेलेलं मूल जिवंत करायचे
एका श्वासापुरतं.
तेवढा बाप्तिस्म्याला पुरायचा.

काम ओर्सोला सुईणीचं.
वेदीपुढच्या दगडावर मूल,
दोन्ही अंगांना निखाऱ्याच्या शेगड्या,
ओठांवर कोंबडीच्या छातीचं पीस.
हललं, की बायका ओरडायच्या, आहे! आहे!
मग पाणी, मग नाव,
मग पुन्हा मरण, आता रीतसर.

नाही हललं तर भिंतीबाहेर, खाजऱ्या रानात.
आणि त्या बाळाला लिंबो.
आग नाही, देवही नाही,
ना तळ्यात ना मळ्यात.
आम्ही हे वर्गात एका दमात म्हणायचो,
चुकलं तर छडी.

रोमने ही पिसाची रीत केव्हाच मोडीत काढली होती,
माझ्या पणजीच्याही आधी.
पण आमच्यापर्यंत आज्ञा चढायची
तर मधे बर्फ लागतं.

ती पोचली अडतीस साली, फेब्रुवारीत,
डॉन एर्मेनेजिल्दोच्या खिशातून.
वाईट माणूस नव्हता. थंडीने ओठ फाटलेले त्याचेही.
त्याच आठवड्यात माझा भाऊ जन्मला, निळा.
बाबा फ्रान्समध्ये विटा रचत होते,
आई अंथरुणात.
फिलोमेना आत्याने त्याला पाठीवरच्या करंडीत घातलं,
एरवी तिच्यातून खत वाहायची ती,
आणि तीन तास चढली.

पाद्री म्हणाला, ठेवा पीस, माझी ना नाही.
फक्त आधी दार लावा.

ओर्सोलाने त्याच्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षांत
ते दार कुणी पुरतं लावलं नव्हतं.

निखारे राख होईपर्यंत उभ्या होत्या म्हणे दोघी.
आत्या मरेपर्यंत म्हणत राहिली,
मी उशिरा पोचले.

आता आई ब्याण्णव वर्षांची,
मी चर्चची झाडलोट करते, वेदीच्या चादरींना इस्त्री करते,
आणि आमचा पाद्री आहे बेनिनचा, फादर बोनिफास,
जूनमध्येही कानटोपी घालतो.
त्याने मिस्सानंतर आईच्या खुर्चीशी बसून सांगितलं:
रोमचे पंडित म्हणतात, आशेला जागा आहे.
लिंबो हा सिद्धांत नव्हताच कधी.
एक मत होतं.

मत? आई म्हणाली. कुणाचं?

तो टोपी चाचपत राहिला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
तरी इस्त्री थांबवली नाही.
उद्या आणखी काय मत निघेल,
कशासाठी खाल्ल्या आम्ही छड्या?
पण कुणीच काही सोडवायचं नाही म्हटलं
तर बांधलेलं बांधलेलंच राहील.
किल्ल्या त्यांच्याकडे आहेत, मान्य.
फट ओर्सोलाकडे होती.

भिंतीचं सांगायचं राहिलं.
शहात्तरच्या भूकंपात ती पडली,
आणि पंचायतीच्या गवंड्यांनी चार मीटर पुढे बांधली,
ट्रॅक्टर वळायला जागा हवी म्हणून.
म्हणजे माझा भाऊ एकतीस वर्षं आतच आहे.
कुणाची सही नाही त्यावर.

फादर बोनिफासने जाडी वही काढली.
नाव? त्याने विचारलं.
आईने लगेच सांगितलं, जणू आत्ताच हाक मारून आली:
देओदातो.
आम्ही घरात हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

बाप्तिस्म्याची तारीख?
पेन वहीवर थांबलं.
ही जागा रिकामी सोडू या का, आजी?

फेब्रुवारी अडतीस, आई म्हणाली.
पीस हललं होतं. मी पाहिलं.

आई तिथे नव्हतीच.
फादरने माझ्याकडे पाहिलं.
मी उठले, चर्चचं दार
थोडंसं ढकललं.
बाहेर फार गार वारा होता.